कंट्रोल धरून क्यू

बीडच्या आमच्या कॉम्प्युटर क्लासमधून शिकून निघालेल्या प्रत्येकाला एक खोड लागलेली असायची. ओळ टाइप झाली की लगेच कंट्रोल-एस. लाइट कधी जाईल याचा नेम नव्हता आणि क्लासचा यूपीएस जेमतेम तग धरायचा, त्यामुळे लिहिलेलं सेव्ह करत राहायचं हे बोटांनाच पाठ झालं होतं. माझी आई म्हणायची, ही पोरगी झोपेतपण बोटं हलवती. ती चेष्टा करायची, पण त्या खोडीनं एका दुपारी माझ्या अगदी गळ्याशी आणलं.

पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरीसाठी परीक्षा द्यायला सांगितलं होतं, तीही इथूनच. क्लासच्या फोनची वायर मॉडेममध्ये खोचायची, त्यांच्या मशीनवर शिरायचं आणि तिथे ठेवलेला बिघडलेला प्रोग्राम तासाभरात दुरुस्त करायचा. लाइन तुटली तर परीक्षा संपली, असं त्यांच्या साहेबांनी आधीच बजावलं होतं.

घरी आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वेगळं बजावलं होतं. "हे एकदा करून बघ. न्हाई जमलं तर गेवराईच्या पाव्हण्यांना होकार कळवतो." गेवराईचं स्थळ त्यांच्या मनात भरलं होतं. आमच्यासारखंच लोखंड-पत्र्याचं दुकान, आपलीच माणसं, मुलगी हाकेच्या अंतरावर. मुलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. मला तिकडे जायचं नव्हतं, एवढंच. पण हे आमच्या घरात कारण म्हणून चालत नसे.

त्या दुपारी आप्पा दुकान बंद करून माझ्याबरोबर आले आणि क्लासच्या दाराशी स्टुलावर बसून राहिले. माझ्यासमोर विंडोजचं मशीन, त्यावर एक काळी खिडकी, आणि खिडकीपलीकडे पुण्याचं मशीन, युनिक्स नावाच्या वेगळ्याच सिस्टिमवर चालणारं. कीबोर्ड एकच, पण दोन्हीकडचे रिवाज वेगळे. ऑल्ट-टॅब दाबलं तर ते बीडमध्येच राहायचं. कंट्रोल-सी मात्र थेट पुण्याला पोचायचं, आणि तिथे कॉपी व्हायचं सोडून चालू प्रोग्रामच मरायचा. सी टाळायचं, झेड टाळायचं, हे मी घोकून गेले होते. एसबद्दल मला कुणी काही सांगितलं नव्हतं.

चूक सापडली होती, दुरुस्तीच्या दोनच ओळी राहिल्या होत्या, तेवढ्यात लाइट गेली. यूपीएस कोकलायला लागला. आणि माझी बोटं मला न विचारता कंट्रोल-एसवर जाऊन पडली.

स्क्रीन जागच्या जागी थिजली. एंटर दाबलं, बाण दाबले, काही हलेना.

"लाइन गेली," आमचे सर म्हणाले. "तोडून परत लावू."

"मॉडेमचा दिवा लागलेलाच हाय. हात लावू नका," मी त्यांच्यावर ओरडले. एरवी त्यांच्यासमोर मान वर करायची नाही मी. पुण्याला विचारायचं तरी कसं? क्लासला फोन एकच, आणि तोच मॉडेमला जोडलेला.

आप्पा उठले. "नंबर दे," म्हणाले. मी नंबर आणि काय दाबल्यावर स्क्रीन थिजली ते चिठ्ठीवर लिहून दिलं, आणि ते चपला घालून समोरच्या एसटीडी बूथकडे निघाले.

मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. बोटांवर माझा विश्वास राहिला नव्हता. बूथच्या काचेतून आप्पांची पाठ दिसत होती. ते बराच वेळ बोलत होते. साध्या एका प्रश्नाला एवढं काय बोलायचं असतं, याचा मला राग येत होता.

ते धापा टाकत परत आले. "कंट्रोल धरून क्यू दाबायचं."

सरांनी कपाळाला हात लावला. "क्यू नका दाबू, सगळं बंद होईल." खरंच होतं ते. क्लासमधल्या हिशेबाच्या प्रोग्राममध्ये कंट्रोल-क्यू म्हणजे गाशा गुंडाळणं.

"आप्पा, क्यूच म्हणले का?"

"क्यूच. मी परत विचारून घेतलं."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मी नापास झालेली तुमाला बरीच हाय."

त्यांनी बाहीनं घाम पुसला. "त्यांनी सांगितलं ते मी आणलं. दाबायचं का न्हाई, तू बघ."

यूपीएसची शिट्टी जलद झाली. दुसरा काही उपायच नव्हता. मी कंट्रोल धरलं आणि क्यू दाबला.

खिडकी एकदम जागी झाली. पुण्याच्या मशीनला कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘चल’, हे मला तेव्हा कळलं. मघाचे अडलेले बाण, एंटर, सगळं धडाधड येऊन गेलं. मी एंटरांच्या रिकाम्या ओळी पुसल्या, राहिलेल्या दोन ओळी लिहिल्या, युनिक्सच्या रीतीनं सेव्ह केलं, आणि फाइल नीट लिहिली गेली की नाही हे दिसायच्या आत यूपीएसनं मान टाकली. अंधारलेल्या काचेत मला माझंच तोंड दिसत होतं. सरांनी वायर काढून परत फोनला लावली. आप्पा बाहेर ओट्यावर जाऊन उभे राहिले.

थोड्या वेळानं फोन वाजला. पुण्याचे साहेबच होते. "फाइल नीट सेव्ह झालीय. प्रोग्राम चालतोय. कधी रुजू होताय?"

"घरी विचारून सांगते," मी म्हणाले.

"घरी? वडिलांना मघाशीच विचारलं की मी. आम्ही मुली निवडतो आणि मग घरचे पाठवत नाहीत, म्हणून म्हटलं आधी तेवढं सांगा. ते म्हणाले, पाठवतो. मग सांगितलं त्यांना क्यूचं."

मी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर आले. डोळे नुसते वाहत होते.

"कावून रडायलीस? न्हाई जमलं का?" आप्पांनी विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता म्हणाले, "जाऊ दे. गेवराईची काय एवढी घाई हाय? आणखी एखादी परीक्षा बघू."