टीव्हीचा आवाज बंद होता, तरी अक्का सांगत होत्या

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दिवसभर स्लाइड्स, मशीन आणि रिपोर्ट. कुणी अंगात येण्याच्या, सावली दिसण्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी आधी विचारते, "ताप होता का? शुगर डाऊन झाली होती का?" मैत्रिणी चिडतात, पण माझा स्वभावच तसा... आणि खरं सांगते, आजही तसाच आहे. म्हणून हे लिहावं की नाही यावर मी बरेच दिवस घालवले. शेवटी वाटलं, जसं घडलं तसं सांगावं. तुमच्यापैकी कुणाला काही सुचलं तर सांगा.

जागा आधी नीट सांगते, कारण सगळं तिच्यावरच आहे. जळगावला पिंप्राळ्याकडे आमचं तळमजल्यावरचं घर. हॉलमध्ये एका भिंतीला टीव्ही. त्याच्यासमोर सोफा. सोफ्याच्या मागे, पार दुसऱ्या टोकाला खिडकीखाली दिवाण, आणि खिडकीत कूलर. आमचा कूलर चालू असला की सोफ्यावरून दिवाणावरच्या माणसाशी बोलायचं तर आवाज चढवावा लागतो. जळगावचा मे महिना, त्यामुळे तो बंद करायचा प्रश्नच नव्हता.

त्या दिवाणावर अक्का. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं, मीही तेच म्हणते. धरणगावला त्या शाळेत शिक्षिका होत्या. शिकवायच्या गणित, पण ओळख मुलींच्या खो-खोच्या संघामुळे. शिट्टी गळ्यात, पदर खोचलेला, आणि संध्याकाळभर मैदानावर उभ्या. वर्गात शुद्ध बोलणाऱ्या अक्का मैदानावर गेल्या की अहिराणीत ओरडायच्या, असं त्यांच्या जुन्या विद्यार्थिनी अजून हसून सांगतात.

काचबिंदूने त्यांची नजर गेली. कळायला उशीर झाला. ऑपरेशनं झाली, पण डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, डोळ्यांची नस सुकली आहे, आता काही परत येणार नाही. उजेड-अंधारसुद्धा कळत नव्हता. मग आम्ही त्यांना जळगावला आणलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्या नाहीत. नुसत्या गप्प झाल्या. दिवाणावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. अर्धी भाकरी खाऊन ताट सरकवायच्या. प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पांढरी काठी आणून दिली तर म्हणाल्या, "कपाटावर ठेव. मला कुठं जायचंय?" प्रशांत दीपनगरच्या वीज केंद्रात इंजिनीयर. सकाळी निघायचा, संध्याकाळी आल्यावर आधी माझ्याकडे बघायचा. मी मान हलवली की त्याला कळायचं, आजही नाही बोलल्या.

त्यातच माझी स्कूटी वाळूवरून घसरली आणि घोटा मोडला. पायाला प्लास्टर. आता घरात दोघी, एक दिवाणावर, एक सोफ्यावर. मी कंटाळून जाईन म्हणून प्रशांतने माळ्यावरून त्याचा जुना गेमिंग कन्सोल काढून दिला. कॉलेजात असताना मी बऱ्यापैकी खेळायचे. पण हा गेम निराळाच होता. एक अफाट मोकळं जग. जंगलं, दलदल, पडके किल्ले, कुठेही घोडा घेऊन जा, कुणी अडवत नाही. आणि जागोजागी असे शत्रू की दोन फटक्यांत तुम्ही आडवे. मी एका पुलावर अडकले होते. तिथे भालेवाला पहारेकरी होता, ताडासारखा उंच. गेले की मेले, गेले की मेले.

एका दुपारी मी अशीच मेले आणि तोंडातून काहीतरी गेलं. मागून आवाज आला, "कोण मारतंय तुला सारखं?"

कितीतरी दिवसांनी अक्कांनी आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

मी ओशाळून सांगितलं. गेम आहे, पूल आहे, भालेवाला आहे. मला वाटलं, विषय संपला. पण त्या उठून बसल्या.

"तू काय करतेस तो आला की?"

"मारते."

"आणि दम?"

आता गेममध्ये खरोखरच दमाची एक हिरवी पट्टी असते. वार केला, पळालं, उडी मारली की ती कमी होते. मी सांगितल्यावर अक्का हसल्या. हो, हसल्या! "बठ्ठा, सगळाच दम मारण्यातच घालवलास तर चुकवशील कशाच्या जोरावर? आज मारायचंच नाही. नुसतं टिकायचं. तो थकेपर्यंत."

"अक्का, तो थकत नाही. कॉम्प्युटर आहे तो."

"मग तू पाठ होईपर्यंत."

त्या दिवसापासून आमची प्रॅक्टिस सुरू झाली. मी खेळायचे आणि मोठ्याने सांगायचे, आता भाला मागे घेतला, आता डावा पाय पुढे आला. अक्का ऐकायच्या आणि चुका काढायच्या. "भाल्याकडे नको बघू. खो-खोत पाठलाग करणारी हात कुठंही दाखवते, फसवते. खांदा बघ. खांदा खोटं बोलत नाही." मला पटेना. पण बघितलं, आणि खरंच भाल्याच्या आधी त्या पहारेकऱ्याचा खांदा खाली जायचा. मी चुकवायला शिकले. लांब पळायच्या ऐवजी जवळच राहून हुलकावणी द्यायला शिकले. चुकवलं की एकच वार, परत मागे. लोभ सुटून दुसरा वार केला की मी मरायचे आणि मागून "घे अजून!" असं यायचं.

पूल पार झाला तेव्हा अक्कांनी टाळी वाजवली. संध्याकाळी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, ठेचा आणि वर कांदा मागून घेतला. प्रशांत ताटाकडे बघत उभाच राहिला.

पुढे राखेची राणी आली. गेममधल्या एका जळलेल्या महालात ती असते. मराठीत तिला मीच हे नाव दिलेलं, मूळ नाव बोलताना जीभ वळायची नाही. तिने मला पुरतं रडवलं. मी रोज जायचे, रोज हरायचे. अक्का म्हणाल्या, "त्याच दारावर डोकं का आपटतेस? मैदान मोठं आहे ना? दुसरीकडे हिंडून ये, बळ घेऊन ये." मी हिंडले. चांगलं चिलखत मिळवलं, तलवारीला धार लावली. परत गेले आणि परत मेले. तिची शक्ती अर्धी करण्यापर्यंत मी पोचायचे, त्यापुढे कधीच नाही. त्यापुढे काय होतं हे मला माहीत नव्हतं. व्हिडिओ बघून खेळायचं नाही हा अक्कांचा नियम होता, "समोरचा संघ आधी दिसतो का कुणाला?" म्हणून मी इंटरनेटवरही शोधलं नव्हतं.

आता ती दुपार. जेवणं झाली होती. अक्का दिवाणावर भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या आणि थोड्या वेळात त्यांना झोप लागली. त्यांची झोप मोडू नये म्हणून मी टीव्ही म्यूट केला. कंट्रोलरला इअरफोन लावला आणि एकच बाजू कानात घातली. दुसरा कान मोकळा, बेल वाजली तर कळावी म्हणून. मी तोंडाने काही बोलत नव्हते, याची मला पूर्ण खात्री आहे. कूलर नेहमीसारखा घरघरत होता.

राणीशी झुंज सुरू झाली. थोडं बरं चाललं होतं, पण मग माझी गडबड झाली, गेममधल्या, जीव भरून काढणाऱ्या औषधाच्या बाटल्या संपल्या. आता मरणार, हे कळलं.

"डावीकडे."

मी गेले. विचार न करता गेले. राणीची तलवार उजवीकडून जमिनीवर आपटली.

"आते थांब... थांब... आते!"

मैदानावरचं ते अहिराणी 'आते', म्हणजे आत्ता. मी वार केला, लागला. मला वाटलं, अक्का जाग्या झाल्या आणि कानावर काही पडतंय त्यांच्या. पण काय पडणार? आवाज माझ्या एका कानात होता! तरी बोटं थांबवली नाहीत. थांबले असते तर मेले असते. एक क्षण मान वळवून बघितलं, अक्का तशाच, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या. फक्त उजवा हात वर उचललेला, मैदानावर खूण करतात तसा.

"मागे. अजून मागे. घाई नको करू."

राणीची शक्ती अर्ध्याच्या खाली गेली. पडदा राखेने भरून गेला. हे मी आधी कधीच बघितलं नव्हतं. मला काही दिसेना, राणी कुठे आहे तेही कळेना.

"तलवार टाकली तिने," अक्का म्हणाल्या. आवाज शांत, खणखणीत. "आता हातांनी येईल. पळू नको. पळालीस तर धरेल. आत शिर तिच्या, काखेखालून."

राखेतून राणी बाहेर आली. हातात तलवार नव्हती.

मी पळाले नाही. सगळं शरीर पळ म्हणत होतं, पण मी बटण दाबून तिच्या अंगावर गेले, तिच्या पसरलेल्या हातांखालून. तिची मिठी हवेत मिटली. मागून एक वार. परत तसंच. परत. अक्का बोलत होत्या आणि मी करत होते. त्यात एकदाही त्या चुकल्या नाहीत, आणि एकदाही उशीर झाला नाही. उलट, प्रत्येक वेळी शब्द आधी यायचा आणि राणी मग हलायची.

शेवटचा वार लागला. राणी गुडघ्यांवर बसली आणि विरघळून गेली. मी कंट्रोलर टाकला. प्लास्टरचा पाय ओढत दिवाणापर्यंत गेले तर अक्कांनी दोन्ही हात जोडलेले. सामना संपल्यावर समोरच्या संघाला करतात तसा नमस्कार. चेहरा घामाने भिजलेला.

"अक्का, तुम्हाला कसं कळलं?"

त्यांनी चेहरा माझ्याकडे वळवला. त्यांनाच नवल वाटलं असावं माझ्या प्रश्नाचं. "माले दिखनी ना ती!" मग थांबल्या. हळूच, शुद्ध भाषेत म्हणाल्या, "मला दिसत होती गं. पांढरे केस, कमरेपर्यंत. डावा पाय किंचित ओढत होती. तलवार टाकल्यावर जास्तच." मी त्यांचा हात धरून बसले. तो बर्फासारखा गार होता, त्या उकाड्यात.

पांढरे केस मी कधीतरी सांगितले असतील, मान्य. पण पाय ओढत होती? मी इतक्या वेळा तिच्याशी लढले, मला तसं काही दिसलं नव्हतं. कन्सोल शेवटची काही मिनिटं आपोआप साठवून ठेवतो. प्रशांत आल्यावर आम्ही दोघांनी ती क्लिप हळू वेगात लावली. राखेतून बाहेर येताना राणीचा डावा पाय जमिनीवर घासत होता. अगदी थोडा, पण स्पष्ट.

प्रशांतने सगळ्या शंका काढल्या. तू पुटपुटत असशील. स्क्रीनचा उजेड भिंतीवर पडला असेल... मग त्यालाच कळलं, स्क्रीनचा काय संबंध, त्यांना दिसतच नाही. इअरफोनमधून आवाज झिरपला असेल? त्याने स्वतः दिवाणावर झोपून, कूलर चालू ठेवून ऐकून बघितलं. काही नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही अक्कांसमोर तसाच प्रयोग केला, दुसऱ्या शत्रूवर. त्या बराच वेळ मान कलती करून बसल्या आणि म्हणाल्या, "नाही रे. अंधार आहे." त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं, हे मला फार लागलं... चांगल्या अर्थाने. त्यानंतर आजपर्यंत तसं कधीही झालं नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, नजर गेलेल्या काही लोकांना मेंदू स्वतःच चित्रं दाखवतो, घाबरू नका. मी म्हटलं, "चित्रं दाखवेल हो, पण माझ्या टीव्हीवरची?" ते हसले आणि डोळ्यांत घालायचे थेंब लिहून दिले.

अक्कांना मात्र याचं कोडं पडलेलंच नाही. त्या दिवसानंतरच्या आठवड्यात त्यांनी प्रशांतला कपाटावरची काठी खाली काढायला लावली. आधी हॉल, मग ओटा, मग गल्ली. पडल्या एकदा, गुडघा फुटला. मी लंगडत पोचले तर म्हणाल्या, "हात नको देऊ. कुठं चुकलं ते समजू दे." मला बघून वाटायचं, हे बळ कुठून आणतात या? मी गेममध्ये मेले की बटण दाबून पुन्हा उभी राहायचे. त्यांना तसं बटण नव्हतं.

माझं प्लास्टर निघालं, लॅब सुरू झाली. गेल्या रविवारी सकाळी अक्का म्हणाल्या, "मी कोपऱ्यावरून दूध आणते." एकट्या. मी हो म्हटलं आणि गुपचूप मागे निघाले, चांगलं अंतर ठेवून. त्या काठी टेकत भिंतीच्या कडेने चालल्या होत्या, ताठ. वळणावर एक मोटरसायकल उलट्या बाजूने आली. मी ओरडणार होते. अक्का आधीच एक पाऊल मागे सरकून उभ्या होत्या. गाडी गेली. त्या पुढे निघाल्या आणि मान न वळवता म्हणाल्या, "घरी जा. तुझी चप्पल वाजते."

चपलेचं मला समजलं. मोटरसायकलचंही समजलं, आवाजावरून ओळखलं असणार. त्या दुपारचं मात्र अजून समजलेलं नाही.