ल्यूकचा पहिला दगड

नोकरीत होतो तेव्हा किस्से पुरवायला साहेब लोक होते. निवृत्त होऊन टोकियोला मुलाकडे, मंदारकडे आलो, वाटलं आता संपलं. पण किस्से इथल्या कचऱ्यासारखे साठतात. वेगवेगळे करून ठेवावे लागतात आणि बाहेर काढायचा वार नेमका चुकतो! आमच्याकडचा बहुतेक साठा ल्यूकचा.

ल्यूक म्हणजे मंदारच्या ऑफिसातला फ्रेंच इंजिनियर आणि फ्रान्सच्या कर्लिंग संघातला खेळाडू. दर रविवारी आमच्याकडे जेवायला. पहिल्याच दिवशी त्याने खेळ समजावला : बर्फावरून जड दगड सोडायचा आणि दोघांनी त्याच्यापुढे झाडू घासत धावायचं.

ही म्हणाली, "घरी कधी झाडू धरलास का रे?"

"नाही, काकू-सान."

"वाटलंच!"

* * *

ल्यूक देशोदेशीच्या स्पर्धांना जाऊन आला, पण मॅचमध्ये एक दगड सोडलेला नाही! हा राखीव. आदल्या संध्याकाळी दगड तपासायचे, मॅचला बाकावर बसायचं. आमच्या ऑफिसातही रजा-राखीव कारकून असे, पण आमच्याकडे लोक रजेवर तरी जात! याच्या संघातला एकजण तापाने फणफणला, तरी गोळी घेऊन खेळला.

"काका-सान, मॅचमध्ये एकच दगड हवा. मग रिटायर होतो."

"काम न करता रिटायर? अरे, तू तर आमच्याच खात्यातला!"

* * *

एका रविवारी सरावासाठी त्याने आमच्या लाकडी पॅसेजमध्ये कुकर सरकवला. मंदार मॉप घेऊन पुढे. थोड्या वेळाने खालच्या मजल्यावरचे सातो-सान दारात. वाकून काहीतरी गोड बोलले. मंदारने भाषांतर केलं, "आपल्याकडे किती मन लावून साफसफाई चालते, म्हणतात."

मी खूश होऊन थँक यू म्हणालो. ते गेल्यावर मंदार म्हणाला, "बाबा, ती तक्रार होती."

* * *

यंदा स्पर्धा जपानमध्येच. आम्ही डबा घेऊन हजर. मॅच जपानशीच. फ्रान्स चक्क पुढे, आणि इतका, की शेवटच्या फेरीला कॅप्टनने ल्यूकला उतरवलं! ल्यूक दगडापाशी पोचतो तोच समोरून जपानी कॅप्टन हात पुढे करून आला. या खेळात हरणाऱ्याने हात मिळवला की मॅच तिथेच संपते.

मी कपाळावर हात मारला. संघ हरला तरी हा कोरडा, जिंकला तरी कोरडाच!

ल्यूकने केविलवाण्या चेहऱ्याने आमच्याकडे पाहिलं. ही ताडकन उठून ओरडली, "हात देऊ नकोस! नमस्कार कर, नमस्कार!"

तेवढं मराठी त्याला येत होतं. झाडू काखेत मारून त्याने हात जोडले आणि कमरेत वाकला. कॅप्टनचा हात आपोआप मागे गेला, तोही वाकला. ल्यूक पुन्हा वाकला. तोही पुन्हा. सगळं स्टेडियम बघतंय! शेवटी कॅप्टनला हसू आवरेना. त्याने बाजूला होऊन दगडाकडे हात केला.

ल्यूकने दगड सोडला. दोघांनी जीव तोडून झाडू घासले. दगड रेषेच्या अलीकडेच थांबला. असा दगड बाद. पंचांनी तो उचलायला लावला.

ल्यूक बर्फावर नाचत होता. "काकू-सान, पाहिलात?"

"पाहिला," ही म्हणाली. "आता वर ये. थालीपीठ गार झालं."