सरदारणीसाठी खाली आणलेली गाडी

वडणग्याच्या आकाराम गवळ्याची पिकअप लांबूनच ओळखू यायची. बघणाऱ्याला वाटायचं, हौद्यात सिमेंटची पोती ठासून भरलीत. प्रत्यक्षात गाडी रिकामी असायची. आकारामने मागच्या चाकांवरचे स्प्रिंगचे निम्मे पाटे काढून तिचं बूड मुद्दाम खाली आणलं होतं, आणि तेही एका म्हशीसाठी.

म्हशीचं नाव सरदारीण. तोराही तसाच. गाडीत चढायची फळी उंच दिसली की ती पुढचे पाय रोवून उभी राहायची. मग चौघे ढकलोत नाहीतर शेपूट पिळोत, ढिम्म हलायची नाही. म्हैस ऐकेना, तेव्हा आकारामने गाडीलाच ऐकायला लावलं. माणूसच तसा. तानाबाईला, म्हणजे बायकोला, चुलीचा धूर सोसवेना म्हणून त्याने अख्खं छप्पर काढून दोन हात वर चढवलं होतं. चूल हलवता आली असती हे त्याला छप्पर शाकारून झाल्यावर सुचलं.

पाटे काढतानाच उद्यमनगरातल्या नागसेन मेकॅनिकने बजावलं होतं.

"आकाराम, गाडी खाली बसली की मागच्या चाकास्नी फिरवणारा शाफ्ट वाकड्यात चालतोय. त्येचं जॉइंट टिकायचं न्हाईत."

"टिकंनात की. म्हशीसाठी गाडी हाय, गाडीसाठी म्हैस न्हाय."

वर्षभरात तीन जॉइंट गेले. चाळीसच्या वर गाडी अशी थरथरायची की कॅनमधल्या दुधाला लोणी यायचंच काय ते बाकी असायचं. पण आकारामचं सगळं लक्ष दिवाळीच्या पाडव्याकडे होतं.

पाडव्याला गवळी म्हशी नटवून शहरात आणतात. शिंगं रंगवलेली, गळ्यात कवड्या, कपाळावर मोरपिसं. सायलेन्सर काढलेली फटफटी घेऊन मालक पुढं निघतो आणि म्हैस गर्दी चिरत त्याच्यामागं धावते. ज्याच्यामागं म्हैस धावली, त्याने वर्षभर मिशीला पीळ द्यावा. दोन हजार दोनच्या पाडव्याला मात्र आकारामची फटफटी तडतडली आणि सरदारीण बिचकून भर रस्त्यात बसली. हा गडी एकटाच शंभर पावलं पुढं. मागं वळून बघतो, तर म्हैस आहे तिथंच रवंथ करतेय.

"पावणं," गंगावेशीतला गवळी विजयसिंह सगळ्यांदेखत म्हणाला, "म्हैस कुनाची मागून आनलासा?"

लोक पोट धरधरून हसले. आकारामच्या ते जिव्हारी लागलं. रेडकू असल्यापासून ज्या म्हशीला हाताने भरवलं, ती आपली नाही म्हणजे काय?

गावात सरदारीण रोज पिकअपमागं नदीपर्यंत पळायची. म्हणून पुढच्या पाडव्याला फटफटीऐवजी पिकअप पुढं ठेवायची, असं त्याने ठरवलं. पाडव्याला म्हशी सोडायचं सगळं बघणाऱ्या जुन्याजाणत्या हंबीररावांनी तशी मुभाही दिली.

"ती तुमच्यामागं कुठं पळतीया? गाडीच्या आवाजामागं पळतीया," तानाबाई म्हणाली. "आवाज आला की वैरण आली, येवढंच तिला ठावं."

आकारामलाही हीच धास्ती होती.

पाडव्याला नंबर लागला. रस्त्याच्या दोन्ही कडांना माणसांची भिंत. मागं सरदारीण झोकात उभी. आकारामने गिअर टाकला आणि हुरूपाच्या भरात क्लच एकदम सोडला. खाडकन आवाज झाला. शाफ्ट तुटून रस्त्यावर पडला. इंजिन जोरात गुरगुरतंय, पण चाकं जागची हलेनात.

पाडव्याचा नवा पांढरा शर्ट घालून म्हशी बघायला आलेला नागसेन गर्दीतून धावला. गाडीखाली शिरायला गेला, तर गाडी इतकी खाली की डोकंच आत जाईना. शेवटी त्याने हात घालून तुटका शाफ्ट बाहेर ओढला. नव्या शर्टाचं पोतेरं झालं.

"इंजिन बंद करू नगंस," तो म्हणाला. "तिला आवाज पायजे न्हवं? गाडी आमी वडतो."

मागून ढकलावी तर म्हशीची वाट अडणार. गाडी पुढूनच ओढायला हवी. ज्यांच्या म्हशी पळून झाल्या होत्या, त्या गवळ्यांनी आपापले कासरे एकमेकांना बांधले. सगळ्यात पुढचं टोक विजयसिंहने खांद्यावर घेतलं. पाडव्याला कुणाची म्हैस उभी राहिलेली त्यालाही आवडत नसावं.

वीस-एक जणांनी जोर लावला. गाडी सरकली, मग चांगलीच पळायला लागली. आरशात आकारामला सरदारीण दिसली. तिने कान टवकारले, शेपूट वर केलं आणि ती सुटली. लोकांनी शिट्ट्यांनी रस्ता डोक्यावर घेतला.

निम्म्या वाटेत इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं. तुटलेल्या शाफ्टच्या तडाख्याने डिझेलची नळी निखळली होती. आवाज गेला. वैरणीची तर काडीही हौद्यात नव्हती. आता ही बसणार. आकारामने डोळेच मिटले.

खुरांचा आवाज मात्र थांबेना. तो जवळ आला, अगदी बाजूला आला, आणि खिडकीबाहेर काढलेल्या कोपराला ओलं नाक लागलं. आकारामने डोळे उघडले. सरदारीण हौद्याकडे ढुंकूनही न बघता गाडीच्या पुढच्या दाराशी त्याच्याबरोबर पळत होती.

त्याला रडू फुटलं आणि हसूही. चालत्या गाडीचं दार उघडून त्याने खाली उडी टाकली. नागसेनने पळत येऊन खिडकीतून स्टेअरिंग धरलं. ओढणाऱ्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते रिकामी गाडी ओढतच राहिले. पन्नाशीचा आकाराम पायजमा सावरत, चपला टाकून, त्यांनाही मागं टाकून रस्त्याच्या मधोमध धावत सुटला आणि त्याच्यामागं कवड्या खुळखुळवत सरदारीण. पुढं ना फटफटी, ना गाडी.

इतका आनंद आपल्याला लग्नातसुद्धा झाला नव्हता, असं त्याने त्या दिवशी तानाबाईला तोंडावर सांगितलं. डोळे पुसत ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. आज तेवढं माफ."