ठमाबाईची हाक

ठमाबाई,

तुला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि वाचता तर तुला कधीच येत नव्हतं. तरी हे पत्र तुलाच. परवा आमच्याकडे एक शहाणी बाई येऊन गेली. दंगलीच्या दिवसांत आपलं मन कसं सांभाळावं, यावर तासभर बोलली. वर्तमानपत्र बाजूला ठेवा, दीर्घ श्वास घ्या, कुंडीत काहीतरी लावा. मी म्हटलं, आमच्या महाडकडच्या एका बाईची हकीकत ऐकून जा. तिला घाई होती. म्हणून लिहिते, आणि ज्यांनी तुला पाहिलं नाही त्यांना कळेल असं लिहिते.

सत्तावीस साल, शिमगा नुकताच सरलेला. महाडच्या तळ्यावर अस्पृश्य मानलेल्या माणसांनी ओंजळभर पाणी प्यायलं आणि गावाचं डोकं फिरलं. आता हे देवळात शिरणार, अशी कंडी पिकली. परतीच्या वाटेवरच्या माणसांना गाठून गाठून मारलं. मग ते विष खेड्यांत उतरलं आणि सव गावाच्या अलीकडच्या तुझ्या वाडीतही पोचलं. तुझा नवरा हैबती आणि दीर भागोजी दांडकी उशाशी ठेवून बसले होते, कुणीतरी चालून येईल म्हणून.

शेतीची कामं मात्र थांबत नाहीत. तू राब भाजत होतीस. भाताचं रोप जिथे टाकायचं त्या तुकड्यावर कवळं म्हणजे झाडांच्या तोडलेल्या डहाळ्या, पाला आणि शेण पसरून ती जमीन जाळायची, ही आपली रीत. त्या दिवसांत साऱ्या डोंगरउतारांवर धूर असतो, त्याकडे कोणी बघत नाही. वारा फिरला आणि आग तुझ्या गोठ्याच्या कुडाला लागली. तू बांधावर चढून हाक दिलीस, "धावा रेऽ, धावा." या हाकेला आपल्याकडे कोणी कारण विचारत नाही. आग असो, वाघ असो, कोणी डोहात पडो, आधी धावायचं. आगीच्या वेळी विटाळ नसतो, हीसुद्धा रीतच.

सगळ्यांत आधी पोचला सोनबा, गावाबाहेरच्या वस्तीतला. तेव्हा महारवाडा म्हणत. आग झोडपायला त्यानं ऐनाचा हिरवा टाहाळा तोडून आणला होता. मागून वाडीतले पुरुष आले. त्यांना गोठा दिसला नाही. त्यांना दिसला सोनबा, हातात फांदी घेऊन तुझ्या अंगावर धावत येणारा.

तू मधे पडलीस. "आगीला आलाय तो, आगीला आलाय," असं ओरडत राहिलीस. हैबतीनं तुला केसांना धरून बाजूला फेकलं. सोनबानं डोक्यावर उजवा हात धरला होता, म्हणून डोकं वाचलं. हाताचा कोपरापासून खाली चेंदा झाला. तो पडल्यावरही भागोजी लाथा घालत होता. एकानं तो हिरवा टाहाळाच उचलून त्याच्या तोंडावर मारला. तोवर गोठा पुरता जळाला. दावणीच्या दोन्ही म्हशी आत होत्या, त्यांचं ओरडणं थांबलं तेव्हा कोणाला आगीची आठवण झाली.

त्यानंतर तुझी वाचा गेली.

अन्न घशाखाली उतरेना. रात्रभर उठून बसायचीस. बाईला वारा लागला म्हणून भगत आणला. त्यानं तुझं डोकं कांबळ्याखाली दाबून मिरच्यांची धुरी दिली, निरगुडीच्या फोकांनी पाठ फोडली, आणि "कोण हाईस, सांग," म्हणत निखारा तळहातावर ठेवला. तू बेशुद्ध पडलीस तेव्हा हैबती घाबरला. बैलगाडीत घालून तुला माझ्या वडिलांच्या दवाखान्यात, महाडला आणून टाकलं. हिवतापामुळे मी त्या साली कॉलेज सोडून घरी होते, आणि तुझा हात धुऊन बांधायचं काम माझ्याकडे आलं.

वडील चांगले डॉक्टर होते. त्यांनी झोपेचं औषध दिलं आणि सांगितलं, "जे पाहिलं ते मनातून काढून टाक." तू त्यांच्याकडे असं बघितलंस की ते चष्मा पुसायला लागले.

सोनबा त्याच दवाखान्यात होता, मागच्या पडवीत. पुढे घेतला असता तर बाकीचे रोगी आले नसते. हे तुला कळलं त्या सकाळी तू उठून पडवीत गेलीस आणि त्याच्या पायाशी बसलीस. त्याची बायको साळूबाई पेज पाजत होती. तिनं काही बोलायच्या आधी पेजेचं भांडं तुझ्या तोंडावर मारलं. ओठ फाटला. तू हललीसुद्धा नाहीस. दुसऱ्या दिवशी पुन्हा जाऊन बसलीस. तिनं लाथ घातली. तिसऱ्या दिवशी तुला बघून ती थकल्यासारखी खाली बसली.

"काय गो, रोज येतीस ती काय माझा मार खायाला?" ती म्हणाली. "मार खाल्लास की तुला बरं वाटतं. माज्या घरधन्याचा हात गेला, आन तुजं मन हलकं कराया मीच पायजे व्हय? मला तेवढाच धंदा हाय?"

तू मान खाली घातलीस.

"ताई," ती मला म्हणाली, "हिला सांगा, तोंड उघडायचं आसंल तर कचेरीत उघड. कोणी मारलं ते वाडीतलं कोणी बोलत नाय. आन तोवर हितं दिसू नको."

मन सांभाळायचा एवढा रोकडा उपाय मी नंतर कोणत्याही पुस्तकात वाचला नाही. तुला तो पटायला मात्र वेळ लागला. चार दिवस भिंतीकडे तोंड करून पडून होतीस. पाचव्या दिवशी उठून लुगडं धुतलंस.

कचेरीत तुझा पहिला शब्द घोगरा निघाला. तुझा नवरा, दीर आणि आणखी दोघे समोर उभे. तू एकेकाकडे बोट दाखवलंस आणि कोणाच्या हातात काय होतं तेही सांगितलंस. त्यांचा वकील हसत म्हणाला, "बाई इतके दिवस मुकी होती म्हणे."

"मुकी व्हते," तू म्हणालीस. "आंधळी नव्हते."

"नवऱ्याला तुरुंगात घालायला कोणी शिकवलं?"

"मीच हाक मारली व्हती. कशापायी मारली, ते मलाच ठावं. दुसरा कोण सांगंल?"

कचेरीच्या पायऱ्यांवरच भागोजीच्या मेहुण्यानं धोंडा घातला. खांद्याचं हाड मोडलं. शिपाई धावेपर्यंत दुसरा कपाळावर बसला. डोळ्यांत रक्त उतरलेलं, तशीच तू माझ्या खांद्यावर हात टाकून दवाखान्यात आलीस. वडील टाके घालत असताना भात मागितलास. दोनदा वाढून घेतलास आणि बाकावरच झोपलीस. घोरत होतीस, ठमाबाई. वडील मला म्हणाले, आता हिला औषध नको.

हैबतीला काही महिन्यांची सक्तमजुरी झाली. घर तुला बंदच झालं. शिवथरला भावाच्या जमिनीवर राबलीस. तिथेही लावणीला तुला कोणी बोलावत नसे, आणि बायका पाणवठ्यावर पाठ फिरवत. मी भेटले की विचारायचे, "पस्तावा होतो का?" "हाडं दुखतात," म्हणायचीस. "झोप लागती."

मग एकदा मी पोलादपूरला मावशीकडे निघाले होते. सोनबाचं कुटुंब तिकडेच, साळूबाईच्या भावाकडे गेलं होतं. तू गाडीच्या चाकाला धरून उभी राहिलीस.

"ताई, साळूबाईला येवढं इचार. आता येऊ काय म्हणावं. नुसती बघाया. नाय म्हणाली तर नाय. आपूनहून जायाचं नाय."

मी पोलादपूरला पोचले त्याच्या आधीच ते सगळे मुंबईला गेले होते. कोणत्या चाळीत, ते शेजाऱ्यांना सांगता येईना. साळूबाईच्या भावाच्या दाराला बाहेरून कडी होती. तुझा प्रश्न विचारायचा राहिला तो राहिलाच.