सरोवराकाठचं पोलादाचं गाव

न्यू जर्सीतल्या मिलिंदच्या वसाहतीत शिरताना मला पहिलं नवल वाटलं ते कुंपणाचं. म्हणजे कुंपण नव्हतंच. एकसारखी पांढरी घरं, प्रत्येकापुढे हिरवळ, आणि एकाची हिरवळ संपून दुसऱ्याची कुठे सुरू होते हे सांगायला कुणी मेंदीसुद्धा लावलेली नव्हती.

"ही सगळी घरं महायुद्धानंतरची, ताई," मिलिंद गाडी चालवता चालवता म्हणाला. मिलिंद माझा धाकटा भाऊ, इथे इंजिनिअर आहे. "सैनिक परत आले, सरकारनं त्यांच्या कर्जाला हमी दिली, आणि फॅक्टरीतला माणूससुद्धा घरमालक झाला. या देशात मेहनत केली की मिळतं. तुझं आडनाव काय, हे कोणी विचारत नाही."

मी नागपूरला शाळेत इतिहास शिकवते. युद्धानंतरची अमेरिकेची भरभराट आमच्या पुस्तकात दोन ओळींत उरकली आहे. इथे ती उघड्या डोळ्यांनी दिसत होती. घरासमोर दोन गाड्या, कपाटाएवढा फ्रीज, बेसमेंटमध्ये (तळघरात) कपडे धुण्याचं आणि वाळवण्याचंही यंत्र. माझी भावजय सुनंदा मला दुकानात घेऊन गेली, तर तिथे कुत्र्यामांजरांच्या खाण्याची एक अख्खी गल्ली होती. मी तिथे थोडा वेळ उभीच राहिले.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही नायगारा बघायला निघालो. सुनंदाला रजा नव्हती, म्हणून मिलिंद आणि मी दोघंच. दिवसभर टेकड्या, मक्याची शेतं, लाल रंगाचे मोठाले गोठे. संध्याकाळी धबधबा तासाभरावर राहिला असताना गाडीच्या बॉनेटमधून वाफ निघायला लागली. मिलिंदनं कशीबशी गाडी हायवेवरून उतरवली, आणि आम्ही एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावात येऊन थांबलो.

गावाच्या एका बाजूला सरोवराच्या कडेनं मैलभर लांबीचा पोलादाचा कारखाना पसरला होता. धुराड्यांतून धूर नव्हता. फाटकाला साखळी होती. रस्त्यावरच्या निम्म्या दुकानांच्या काचांवर लाकडी फळ्या ठोकलेल्या. गॅरेजवाल्यानं गाडी पाहिली आणि सांगितलं की लागणारा भाग उद्या सकाळी मिळेल. जवळचं मोटेल बंद पडलं होतं. "चर्चमध्ये आज जेवण आहे," तो म्हणाला. "तिथे जा. कोणीतरी सोय करेल."

चर्चच्या तळघरात माणसं ताटं घेऊन रांगेत उभी होती. गोरी, काळी, म्हातारी, कडेवर मुलं घेतलेल्या बाया. कारखाना बंद झाल्यापासून दर शुक्रवारी हे जेवण असे.

"ताई, हे गरजू लोकांसाठी आहे," मिलिंद मराठीत पुटपुटला. "आपण चिप्सवर भागवू. मला ऑकवर्ड होतंय."

तेवढ्यात वाढणाऱ्या बाईंनी मला हाक मारली. साठीच्या, काळ्या, ठसठशीत बांध्याच्या बाई. त्यांचं नाव लोरेटा. "तू लांबून आलेली दिसतेस. ताट घे," त्या म्हणाल्या. मी ताट घेतलं. मग मिलिंदलाही घ्यावं लागलं. घेवडा, शिजवलेली पालेभाजी आणि कॉर्नब्रेड (मक्याच्या पिठाचा जाड, गोडसर पाव). भाजीत डुकराचं मांस होतं हे मला खाऊन झाल्यावर कळलं. चव चांगली होती.

आमच्या टेबलावर लोरेटाबाईंचे नवरे वॉल्टर आणि त्यांचे जुने सोबती स्टॅन बसले होते. स्टॅन गोरे, आईवडील पोलंडहून आलेले. दोघंही युद्धावर जाऊन आलेले आणि दोघांनीही या कारखान्यात हयात घालवलेली. वॉल्टर फ्रान्समध्ये सैन्याचे ट्रक चालवायचे. परत आल्यावर त्यांना भट्टीजवळचं, सगळ्यात जास्त धगीचं काम मिळालं.

"आणि घर?" मी विचारलं. माझ्या डोक्यात मिलिंदची वसाहत होती.

वॉल्टर हसले. "स्टॅनला विचारा."

"मी रेल्वेच्या रुळांपलीकडे, नव्या वसाहतीत घेतलं," स्टॅन म्हणाले. "सैनिकांच्या कर्जावर. माझ्या ओळखीच्या सगळ्यांनीच घेतलं. वॉल्टर का घेत नाही, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही."

"तुला विचारायची गरजच नव्हती, स्टॅन." वॉल्टरच्या आवाजात राग नव्हता. जुन्या दुखण्याबद्दल माणूस बोलतो तसं ते बोलले.

लोरेटाबाई हात पुसत येऊन बसल्या. "आम्ही गेलो होतो तिथलं घर बघायला," त्या म्हणाल्या. "रविवार होता. मी नवी हॅट घातली होती. वसाहतीच्या ऑफिसातला माणूस दारातच उभा राहिला आणि म्हणाला, तुमच्या लोकांना आम्ही विकत नाही. इतक्या सौजन्यानं म्हणाला, की वॉल्टरनं त्याला थँक यू म्हटलं. गाडीत बसल्यावर मग हे बराच वेळ किल्ली हातात धरून बसले."

मिलिंदनं काटा खाली ठेवला. "आमची वसाहत त्याच काळातली आहे," तो हळूच म्हणाला. "मला कोणी अडवलं नाही."

"पुढे घर विकताना रंग बघायचा नाही असा कायदा झाला," वॉल्टर म्हणाले. "त्याच्यासाठी पुष्कळ माणसं रस्त्यावर उतरली, काही तुरुंगात गेली. तू आलास तेव्हा दार उघडलेलं होतं. बरं झालं."

मिलिंदनं ताट बाजूला सारलं. मग त्यानं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, आणि मी ऐकतच राहिले. पुण्यात कॉलेजला असताना तो खोली शोधत होता. एका बाईंनी त्याचे मार्क विचारले, कौतुक केलं, चहा दिला. शेवटी आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी सामान घेऊन गेला, तर त्या म्हणाल्या, माझा भाचा राहायला येतोय. मिलिंदनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. घरी त्यानं एवढंच कळवलं होतं की हॉस्टेल स्वस्त पडतं.

"तूही थँक यू म्हटलंस?" लोरेटाबाईंनी विचारलं.

"चहाबद्दल म्हटलं," मिलिंद म्हणाला. स्टॅन सोडून आम्ही सगळे हसलो. स्टॅन आपल्या ताटाकडे बघत होते.

त्या रात्री आम्ही वॉल्टर-लोरेटांच्या घरी, रुळांच्या अलीकडे राहिलो. लाकडी घर होतं, लहान पण नेटकं. कारखाना चालू होता तेव्हा भिंतींवर रोज काजळी बसायची. आता घरं स्वच्छ राहतात आणि माणसं गाव सोडून जातात, असं लोरेटाबाई म्हणाल्या. मुलगी त्यांना क्लीव्हलंडला बोलावत होती. घर विकायला काढलं होतं, पण बघायला कोणी येत नव्हतं. सकाळी निघताना मिलिंद वाकला आणि त्यानं वॉल्टरना नमस्कार केला. ते गोंधळले, मग त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

नायगारा पाहिला. भव्य आहे. तुषारांनी आम्ही दोघंही चिंब झालो. पण फोटो दाखवताना मी त्याच्याबद्दल फारसं बोलू शकत नाही.

परतल्यानंतर दोनतीन दिवसांनी शेजारचे गृहस्थ आले. समोरचं घर विकायला निघालं होतं आणि एक काळं कुटुंब ते पाहून गेलं होतं. "माझं वैयक्तिक काही नाही," ते म्हणाले. "पण घरांच्या किमती पडतात. तुमच्यासारख्या मेहनती लोकांना हे पटेल."

सुनंदा माझ्याकडे बघायला लागली. मिलिंद शांतपणे म्हणाला, "ते लोक मलाही भेटले. शाळा कशी आहे विचारत होते. मी सांगितलं चांगली आहे, जरूर या."

गृहस्थांनी चहा अर्धा ठेवला आणि ते उठले. दार लावल्यावर सुनंदा म्हणाली, "रोज तोंड बघायचंय त्यांचं, यार." मिलिंद म्हणाला, "बघू." रात्री तिनं भांडी जरा जोरात आदळली.

मी नागपूरला परतले त्याला आता वर्ष होत आलं. मध्यंतरी मिलिंदचा फोन आला होता. शेजारचे ते गृहस्थ अजूनही दिसले तर हात हलवत नाहीत. समोर तेच कुटुंब राहायला आलं. सुनंदानं त्यांना जेवायला बोलावलं, भरीत त्यांना तिखट लागलं, पण त्यांनी मागून घेतलं.

भरभराटीच्या त्या दोन ओळी मी यंदाही वर्गात वाचून दाखवल्या. मग पुस्तक मिटलं आणि मुलींना सांगितलं की ओळी खऱ्या आहेत. पण ती घरं विकली जात होती तेव्हा एका रविवारी काही माणसं दारापर्यंत जाऊन परत आली होती. एका मुलीनं विचारलं, मग ती कुठे राहिली? ते सांगण्यात तो तास संपला.