तळहातावरचे चार आकडे

दर्शन आठवीत माझ्या वर्गात होता. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडेला. प्रश्न विचारला की उठून उभा राहायचा, उत्तर येत नसलं तरी बसायचा नाही. मी बस म्हणेपर्यंत तसाच. एकदा तळहातावर व्याख्या लिहून परीक्षेला आला म्हणून मी त्याला वर्गाबाहेर काढलं होतं. आज तो चौतीस वर्षांचा आहे, आणि अगदी परवापर्यंत तळहातावर लिहिणं हा त्याच्या नोकरीचाच भाग होता.

तो ट्रेलर चालवतो. आधी लांबच्या लाईनवर होता, एकेक महिना बाहेर. दोन वर्षांपूर्वी त्याची बायको, धाकली तिचं नाव, शेताच्या बांधावर साप चावून गेली. दर्शन तेव्हा ओडिशात माल उतरवायला रांगेत उभा होता. तो आला तिसऱ्या दिवशी. पाड्यावरच्या लोकांनी त्याची वाट पाहिली नव्हती, पाहणं शक्यही नव्हतं. घरात आई येसू होती आणि सात वर्षांची मुलगी स्नेहा. दर्शन रडला नाही. दिवसकार्य झाल्यावर त्याने कंपनीत जाऊन एवढंच सांगितलं, की रोज घरी येता येईल असं काम द्या. त्यानंतर दोन वर्षं त्याने कोणाकडे काही मागितल्याचं मला माहीत नाही.

काम मिळालं. दापोड्याच्या यार्डातून भरलेला ट्रेलर घोड्याला जोडायचा, घोडा म्हणजे पुढचं इंजिनाचं धूड, आणि पडघ्याच्या गोदामात नेऊन सोडायचा. तिथला रिकामा जोडून परत. दिवसात तीन फेऱ्या. शेवटची फेरी पडघ्याला संपायची आणि तो तिथून चालत पाड्यावर यायचा. ट्रेलरच्या दाराला सील असतं. आत काय आहे ते ड्रायव्हरला कोणी सांगत नाही, तोही विचारत नाही. फक्त सीलवरचे शेवटचे चार आकडे त्याने पडघ्याच्या फाटकावर तोंडी सांगायचे. वॉचमन ते कागदाशी ताडून पाहतो. मोबाईल कामावर नेऊ देत नाहीत आणि कागद बंद पाकिटात असतो. म्हणून सगळे ड्रायव्हर आकडे तळहातावर लिहितात.

मी टेमघरला राहते, पण पेन्शनची बँक अजून पडघ्यालाच आहे. महिन्यातून एकदा गेले की येसूकडे डोकावते. अशीच एकदा गेले तेव्हा मी हे पहिल्यांदा पाहिलं. दर्शन आला, पायरीवर बसला, आणि स्नेहाने काही न बोलता त्याचा डावा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

"पाच आठ शून्य दोन," तिने वाचलं. "ह्यात काय होतं?"

"माहीत न्हाय."

"पंखे होते. आणि ह्यात? चार चार एक नऊ. ह्यात चपला. सगळ्या डाव्या पायाच्या."

"असतील."

"बाबा, डाव्याच कशा असतील?"

"असतील," तो पुन्हा म्हणाला.

येसू चुलीजवळून म्हणाली, "बघा बाई, याचं असं. येतो रोज. पन अजून पुरता आला न्हाय."

मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. त्याने ते ऐकलं होतं. चेहऱ्यावर काही हललं नाही. जेवला, ताट धुतलं, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला. हात तसाच उघडा. पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली: घरी येऊन त्याने पाय धुतले, तोंड धुतलं, डावा हात मात्र पोरीने वाचेपर्यंत पाण्याला लावला नाही.

पुढची गोष्ट मी त्याच्याकडून एकेक वाक्य काढून घेतली.

पौष महिन्यातला दिवस. आदल्या रात्री तो असाच टेकून झोपला होता. स्नेहाला शाळेच्या तक्त्यासाठी काळा मार्कर आणून दिला होता. तिने बापाच्या तळहातावरचे शेवटच्या फेरीचे पुसट झालेले आकडे, सात तीन एक सहा, गिरवून ठळक केले. का, ते तिला कोणी विचारलं नाही. सकाळी साबणाने ते गेले नाहीत. दर्शनने तेही फारसं पाहिलं नाही. दापोड्याला नवीन ट्रेलर जोडला, खाली बॉलपेनने दोन शून्य नऊ चार लिहिले आणि निघाला.

पडघ्याच्या फाटकावर वॉचमनने विचारलं, "नंबर?"

दर्शनने हात उघडला. घामाने बॉलपेनचे आकडे फिसकटले होते. काळे दिसत होते ते त्याने वाचले. "सात तीन एक सहा."

"भाऊ, नीट बघ."

"सात तीन एक सहा."

"अरे, नीट बघून सांग ना!"

त्याने तिसऱ्यांदाही तेच सांगितलं. मी विचारलं, "तुला संशय नाही आला?" तो म्हणाला, "आकडे होते बाई. वाचले."

ट्रेलर दिवसभर बाजूला उभा राहिला. सील शाबूत होतं, माल पुरा होता. पण त्या गोदामाचा नियम आहे: ज्याचा नंबर चुकला तो ड्रायव्हर त्या फाटकावर पुन्हा येणार नाही. आणि दर्शनच्या कंपनीची जवळची फेरी तेवढी एकच.

दापोड्याच्या यार्डात सुपरवायझर केसरीनाथ आहे. तिथलाच, गावचा. आवाज मोठा, पण कोणाच्या पोटावर पाय देणारा नाही. त्याने दर्शनला समोर उभं केलं.

"काय रं, दोन वर्षं एक चूक न्हाय, आणि आता तीन तीनदा? झोपला व्हतास का?"

"न्हाय."

"हात दाखव." केसरीनाथने हात धरून उजेडाकडे नेला. "हे अक्षर तुझं न्हाय. कोनी लिवलं?"

दर्शनने मूठ मिटली.

"अरे, सांग तर! तुझी चूक न्हाय असं लिवून धाडतो मी."

"माझीच," दर्शन म्हणाला.

पोरीचं नाव त्याने घेतलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, कागदावर तिचं नाव कशाला.

केसरीनाथने हात सोडला. "मग सोमवारपासून गुवाहाटी. पगार जास्त, तुझा हात चांगला. लाईनवरचा मानूस तू."

"रोज घरी येता येईल?"

"गुवाहाटीहून? हां, इमानाचं तिकीट काढतो तुझं!" आजूबाजूचे हसले. दर्शन हसला नाही, रागावलाही नाही. आठवीत उभा राहायचा तसा उभा राहिला. हसणारे आपापल्या कामाला लागले तरी उभाच.

"जाणार न्हाय," तो शेवटी म्हणाला.

"मग काय करशील? माझ्याकडं दुसरं काम न्हाय. यार्डात शंटिंग हाय, ते काय तुझ्यासारख्यानं करायचं? म्हातारे करतात ते. या दारावरून त्या दारावर, दिवसभर. रस्ता दिसायचा न्हाय. पगार निम्म्याच्या जरा वर."

"संध्याकाळी सुटतं?"

"सहाला."

"ते द्या."

केसरीनाथने जुन्या घोड्याची किल्ली त्याच्यापुढे सरकवली.

आता दर्शन यार्डात आहे. फाटकाबाहेर न जाणारा, एका बाजूचा आरसा नसलेला घोडा. ट्रेलर उचलायचा, मागे मागे नेत गोदामाच्या दाराला लावायचा, सोडायचा. रोज साठ-सत्तर वेळा. संध्याकाळी बसने पडघा, मग चालत. इथे कोणी नंबर विचारत नाही. मी विचारलं, कसं वाटतं? तो म्हणाला, "मान दुखते, बाई."

गेल्या महिन्यात मी पाड्यावर होते. दर्शन आला, पायरीवर बसला. स्नेहाने डावा हात ओढला. मला वाटलं, आता हात कोरा निघणार. पण त्यावर चार आकडे होते.

मी त्याच्याकडे पाहिलं, तसं तो हळू आवाजात म्हणाला, "खोटे न्हाईत बाई. दिवसातला शेवटचा ट्रेलर लावतो, त्याच्या सीलवरून उतरवून घेतो."

"सहा एक आठ तीन," स्नेहाने वाचलं. "ह्यात काय होतं?"

"बादल्या," दर्शन म्हणाला. "निळ्या. एकात एक घातलेल्या."

चुलीजवळ येसूचा हात थांबला. आजवर तो "माहीत न्हाय"च म्हणायचा. मग लक्षात आलं: यार्डात बाहेरून आलेल्या ट्रेलरचं सील त्याच्यासमोरच तोडतात, दार त्याच्यासमोर उघडतं. आत काय आहे ते त्याला आता दिसतं.

स्नेहाने मात्र त्याचा हात झटकला. "बाबा! मला ओळखू तर द्यायचं आधी!"

मला वाटलं, आता नेहमीसारखा भिंतीला टेकेल. त्याने हात पुन्हा तिच्या मांडीवर ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "उद्या आधी सांगणार न्हाय."