हिवराजचा विडा

शेवटचं वर्ष सोडलं तर हिवराज आमच्या घरी कधी स्वतःच्या चालीनं आला नाही. फाटकापासून सपरीपर्यंतचं, म्हणजे पुढच्या पडवीपर्यंतचं, अंगण तो कुणाची तरी चाल उचलून पार करायचा. कधी गुडघे धरून चालणारी पोलीस पाटलीण, कधी पोट पुढे काढलेला राइस मिलचा मुकादम, कधी नव्या चपलेनं पाय चावलेला एखादा जावई. मी चुलीपुढून बघायची आणि नाव सांगायची. नाव बरोबर आलं की तो सपरीत बसून चहा मागायचा. चुकलं की मुकाट्यानं फाटकापर्यंत परत जायचा आणि पुन्हा चालत यायचा. पण बहुतेक वेळा तो यायचा तो माझ्या यजमानांचीच चाल घेऊन: काखेत छत्री, मान जराशी डावीकडे आणि पाय चिखल चुकवत असल्यासारखे, अंगण कोरडं असलं तरी. हे सपरीत बसून स्वतःलाच अंगणातून येताना बघायचे आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायचे.

इतका गोड माणूस, आणि मला त्याचा राग आहे. त्याला जाऊन वर्ष होत आलं. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये असं मला कितीतरी जणींनी सांगून झालं. सांगू देत. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, कुणाला कधी आणि किती रागवायचं ते मला कळतं.

माझे यजमान यादोराव लहानपणापासून अडखळत बोलतात. शांत असले की एखाद्याच शब्दाला अडतात, रागावले की पहिलं अक्षर आपटून आपटून पुढचं बाहेर काढावं लागतं. आणि त्यांच्या वाट्याला काम आलं ते रागावण्याचं. गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी बांधला, त्यामुळे पाणी वाटण्याचं काम पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याच घराकडे. धान भरायच्या वेळी पावसानं दगा दिला की तुडुमावर, म्हणजे तलावाचं पाणी सोडण्याच्या त्या दगडी तोंडाशी, उभं राहून कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, आधी पाणी जाणार आणि कुणाच्या नंतर, हे सांगायचं. "प-प-पानी तुले प-परवा," असं यादोरावांनी म्हटलं की भलाभला माणूस फावडं खांद्यावर टाकून परत जायचा. त्यांच्या अडखळण्याला तिथं कुणी हसत नसे, कारण त्या अडखळत्या बोलण्यानंच पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचायचं.

हसायचं ते मंडईत. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाचगाण्यांची, सोंगांची दंडार आलीच. आमच्या गावच्या दंडारीत सोंगाड्याला एक मोकळीक असते. त्या दुपारी तो गावातल्या कुणाचंही नाव घेऊन सोंग करू शकतो, मग तो सरपंच असो, गुरुजी असोत की त्याची स्वतःची सासू. ज्याचं सोंग झालं त्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी चौकात यायचं, सोंगाड्याच्या हातावर आपल्या हातानं विडा ठेवायचा आणि म्हणायचं, "मिटलं." त्यानंतर ती थट्टा कुणी तोंडातून काढायची नाही. काढली तर म्हातारी माणसं चारचौघांत पाणउतारा करतात. आणि मिटलं हा शब्द ज्याची थट्टा झाली त्यानंच उच्चारायचा, सोंगाड्यानं नाही.

हिवराज हा आमच्या दंडारीचा सोंगाड्या. यादोरावांचं सोंग तो दरसाल करायचा आणि हे दरसाल विडा द्यायचे. एका वर्षी त्यानं यांना वगळलं तर हे चक्क रुसले. "मी म-मेलो का बे?" असं त्याला रस्त्यात अडवून विचारलं. हिवराजनं कान पकडले आणि तिथंच, भर रस्त्यात, यांचं सोंग करून दाखवलं. कुणी रागावलं की त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "पयले हासून घेजा, मंग रागवजा." हसून झाल्यावर रागवायचं कुणाच्या लक्षात राहत नसे, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पुढे हेच वाक्य त्याला फोनवर घेऊन गेलं. तो गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये कामाला होता. एकदा दुपारच्या सुट्टीत त्यानं केसांना तांदळाचा कोंडा फासला, डोक्यावरून दुपट्टा घेतला आणि बसमध्ये खिडकीजवळच्या जागेसाठी भांडणारी म्हातारी केली, आणि शेवटी तिच्या तोंडी तेच वाक्य घातलं. सोबतच्या एकानं ते फोनवर टिपलं. बघता बघता 'मोकळी म्हातारी' या नावानं तो व्हिडिओ पुण्या-मुंबईपर्यंत पोचला. हिवराजनं मिल सोडली, गोंदियाजवळ फुलचूरला खोली घेतली, तिथं दिवे आले, तिपाई आली आणि गोंदियाचा एक मॅनेजर पोरगा आला. दुकानांच्या फिती कापायला हिवराजला बोलावू लागले. पोस्टरवर त्याचं तोंड आणि खाली तेच वाक्य.

एकदा तो आनंदानं सांगायला आला, "वयनी, मी नुसता बोललो का हासतेत जी लोक. जोक सांगाची गरजच नाई पडे."

मला ते ऐकून तिडीक आली. "काऊन हासतेत ते समजून राहिलं का तुले? आपन घरी बोलतो तसं तू बोलून राहिला, आन्‌ त्यायले तोच जोक वाटून राहिला."

"समजून राहिलं जी. पन हासून तं राहिले ना?"

त्याच्या व्हिडिओंखाली लोक लिहायचे ते मी वाचलं होतं. ही कोणती भाषा आहे, हा कुठला प्राणी आहे, असलं काहीबाही. माझ्या आईची भाषा आहे ती. त्या भाषेत मला जेवायला हाक मारली गेली आणि त्याच भाषेत माझ्या मुलीची पाठवणी झाली. वातानुकूलित खोल्यांत बसून तिच्यावर दात काढणाऱ्यांची मला चीड आली, आणि ते दात बघून खूश होणाऱ्या हिवराजची त्याहून जास्त. पण तोवर ते माझ्यापुरतं होतं.

मग ते वर्ष आलं. धान पोटरीत, म्हणजे लोंबी फुटायच्या बेतात, असताना पाऊस गेला. तुडुमावर रोज भांडणं. एका दुपारी वरच्या अंगाच्या एका मोठ्या शेतकऱ्यानं पाळी नसताना पाट फोडला आणि यादोराव त्याच्यावर असे तापले की "पा-पा-पा" च्या पुढे शब्दच निघेना. निघाला तेव्हा मात्र त्या माणसानं पाट बुजवला. हिवराज त्या दिवशी गावात होता. त्यानं ते पाहिलं आणि फुलचूरला जाऊन त्याचं सोंग केलं. छत्री, मान, चिखल चुकवणारे पाय, आणि "पा-पा-पानी". नावासकट. गावासकट.

मंडईतली मोकळीक त्यानं उचलून फोनवर नेली. ती तिथं चालत नाही हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. मंडईत हसणारे सगळे यादोरावांना ओळखतात. यांच्या हातचं पाणी प्यायलेलं धान त्यांच्या कोठ्यांत असतं. फोनवर हसणाऱ्यांना यांतलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त एक तोतरा म्हातारा मिळाला. तो व्हिडिओ हिवराजच्या आधीच्या सगळ्यांच्या पुढे गेला, आणि या शहाण्यानं दुसरा भाग काढला. मग तिसरा.

तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, मोटारसायकली येऊ लागल्या. कुठून कुठून आलेली पोरं यांच्यासमोर फोन धरायची. "काका, एक बार पानी बोलो ना." आमच्याच गावची पोरं, ज्यांनी मंडईनंतर कधी तोंड उघडलं नव्हतं, तीही लांबून "पा-पा-पा" करू लागली. विडा झाला नव्हता, त्यामुळे त्यांना तरी काय म्हणणार? हे आधी हातानं खुणा करू लागले. खुणा कोण ऐकतो? पाट रात्रंदिवस फुटू लागले. शेवटच्या बांध्या वाळल्या. एक दिवस हे तुडुमावरून घरी आले, छत्री खुंटीला अडकवली आणि पुन्हा गेले नाहीत. आणि मग घरातही बोलणं थांबलं. भाजीत मीठ नसलं तरी गप्प. जन्मभर अडखळत का होईना बोललेला माणूस म्हातारपणी मुका झाला.

मी फुलचूरला गेले. हिवराज आतल्या खोलीतून माझ्यासमोर आला तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही, कारण तो नुसताच चालत आला. स्वतःच्या चालीनं. ती कशी असते हे मला त्या दिवशी कळलं.

"वयनी, तुमी कायले आल्या? फोन करत्या तं मीच येतो."

"फोनले हात लावाचं भेव लागते मले आता. घरचे बोलून नाई राहिले, हिवराज."

"कोनाशी?"

"कोनाशीच. पोरगी फोन करते तं फोन माह्या हाती देतेत."

त्याचा चेहरा उतरला. "मी तं दरसाल करतो जी भाऊचं सोंग. भाऊ सोताच म्हनतेत, माही पाळी नाई का मनून."

"मंडईत करतोस. दुसऱ्या दिवशी विडा होते, गाव गप्प होते. याचा विडा कोन कोनाले देनार? मुंबईच्या लोकायले कोन सांगनार का मिटलं मनून?"

मॅनेजर पोरगा मध्ये पडला. "आंटीजी, यही तो सबसे जादा चला है. इसको हटाएंगे तो पेज बैठ जाएगा."

"तू चूप बैठ," मी म्हटलं. "तेरे बाप की नकल उतारी क्या किसी ने?"

हिवराजनं माझ्यासमोर तिन्ही भाग काढून टाकले. "झालं जी वयनी. मिटलं."

"मिटलं मनाचा हक तुले नाई," मी म्हटलं आणि निघाले. परतीच्या बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावरचा माणूस फोन बघत खदखदत होता. छत्री, मान, पाय. दुसऱ्या कुणीतरी तो व्हिडिओ उतरवून आपल्या नावानं टाकला होता. मी त्याच्या हातातला फोन हिसकावणार होते. शिक्षिका होते म्हणून हात आवरला.

त्यानंतरच्या मंडईच्या दुसऱ्या दिवशी सकाळी हिवराज आमच्या अंगणात आला. त्या वर्षी त्यानं सोंग केलं नव्हतं, चौकातही गेला नव्हता. फाटकाशी चप्पल काढून अनवाणी आला आणि सपरीच्या पायरीशी उभा राहून त्यानं हात पुढे केला.

"भाऊ, माह्यानं चुकी झाली. विडा देऊन टाका जी."

यांनी त्याच्या तळहाताकडे बघितलं. कितीतरी दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं.

"बं-बं-बंद झालं का?"

हिवराजला होय म्हणता येईना. यांनी रागानं विचारलं नव्हतं. रीतच तशी आहे, विडा थट्टा संपल्यावर द्यायचा असतो. ज्यानं आयुष्यभर वेळेवर पाणी बंद केलं, त्याला हे वाहणं बंद होईल कसं ते समजत नव्हतं, आणि ज्यानं सोडलं त्यालाही ते आवरत नव्हतं. "बंद झालं का देतो," हे म्हणाले. हिवराजनं हात खाली घेतला आणि चहा न पिता गेला. तो अधूनमधून यायचा, आपल्या साध्या चालीनं, आणि त्याचा हात काही पुन्हा पुढे आला नाही.

पुढच्या दिवाळीच्या तोंडावर सालेकशाकडचा कार्यक्रम आटोपून येताना त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. चाळिशीही गाठली नव्हती त्यानं.

अंत्यविधीला तलावाकाठच्या घाटावर जिकडेतिकडे माणसं आणि माणसांच्या डोक्यावर फोन. हिवराजच्या चेहऱ्यावरून कुणी फोन हलवायला तयार नव्हतं. घाटावर शोकसभेत पुढारी बोलले, त्यानं जिल्ह्याचं नाव मोठं केलं म्हणाले. त्यांतल्या एकानं तर त्याचं ते वाक्य म्हणून टाळ्यांसाठी थांबा घेतला. मग यादोराव पुढे झाले. सकाळी त्यांनी स्वतः पान लावलं होतं, ते मी पाहिलं होतं आणि काही विचारलं नव्हतं.

"हि-हि-हिवराज," ते म्हणाले.

गर्दीत खसखस पिकली. मागून कुणीतरी ओरडलं, "अबे, ये तो ओरिजिनल है!" आणि सगळे फोन मेलेल्याकडून जिवंत माणसाकडे वळले. त्या क्षणी माझ्या हातात काही असतं तर मी फेकून मारलं असतं. यादोराव मात्र थांबले नाहीत. ओल्या कापडातून विडा काढून त्यांनी हिवराजच्या हातावर ठेवला, त्याची बोटं त्यावर मिटवली आणि सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाले, "मि-मि-मिटलं."

तीही क्लिप आता फिरते आहे. तिच्याखाली हसण्याचा आवाज टाकलेला आहे.

हे आता पुन्हा बोलतात, तुडुमावरही जातात. परवा मी अंगण झाडत होते तर सपरीतून म्हणाले, "त-तूही देऊन टाक त्याले. म-मनातल्या मनात."

"बंद झालं का?" मी विचारलं.

फाटकाशी एक मोटारसायकल येऊन थांबली होती. मागे बसलेला पोरगा फोन वर धरून विचारत होता, "काका, ओरिजिनल तुम्हीच ना?"

मी खराटा घेऊन फाटकाकडे निघाले.